यवतेश्वर पळत चढायचाय? आधी उतरायला शिका

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की बँकेत काउंटरवर कुणीतरी पासबुक पुढे सरकवता सरकवता विचारतंच, "मॅडम, सप्टेंबरात यवतेश्वर जमेल का हो?" म्हणजे नाव आधीच नोंदवलेलं असतं. ग्रुपवर कुणीतरी भरीला घातलेलं असतं, पैसे भरून झालेले असतात, आणि जून उजाडल्यावर घाटाकडे मान वर करून बघितलं की पोटात गोळा येतो. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या गावात एक नवी जमात तयार झाली आहे: आयुष्यात कधी घाट पळत न चढलेली, पण शर्यतीची पावती खिशात असलेली माणसं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. शर्यत नसेल, नुसतीच हौस असेल, तर आणखी बरं, घाई नसते.

आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाल्या. त्या वाटेवर असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. माझा वाचक पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, दिवसभर खुर्चीत बसणारा, गुडघा अधूनमधून कुरकुरणारा, आणि बक्षिसाशी काहीएक देणंघेणं नसलेला. मीही त्याच पंगतीतली.

पहिला प्रश्न मी उलटा विचारते. सपाटीवर सलग चाळीस मिनिटं, गप्पा मारता येतील अशा वेगानं, आठवड्यातून तीनदा पळता का? गेला महिना-दीड महिना पळताय का? हो असेल तर घाटाचं बोलू. नसेल तर आधी तेवढं करा. आणि चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर शूज घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या. चढावर नाडी सपाटीपेक्षा फार लवकर वर जाते, म्हणून हे सांगते आहे.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस चढाला घाबरतो. चढाचं मला फारसं काही वाटत नाही, कारण चढावर चुकलात तर दम लागतो, तुम्ही थांबता, दोन मिनिटांत श्वास बसतो, संपलं. उतार मात्र फसवतो. तिथं दम लागत नाही, वारं तोंडावर येतं, मजा वाटते, आणि बिल दुसऱ्या दिवशी येतं. घाटात पळायला शिकणं हे निम्म्याहून जास्त उतरायला शिकणं आहे, आणि नेमका तोच भाग कुणी सरावात घेत नाही. सगळे पळत वर जातात आणि खाली कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतात.

चढाचा हिशेब

शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर गेलात तर तो 5 टक्के चढ. आपले घाटरस्ते गाड्यांसाठी बांधलेले आहेत, त्यामुळे ते उगाच छातीवर येत नाहीत. बराचसा रस्ता साधारण 5 ते 7 टक्क्यांत राहतो, वळणाच्या आतल्या बाजूला तेवढा उभा होतो. 5 टक्के चढावर एक किलोमीटर पळायला सपाटीपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त ऊर्जा लागते. 10 टक्क्यांवर ती साधारण दोन तृतीयांशानं वाढते. म्हणजे सपाटीवर किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्यानं घाटात नऊ मिनिटं घेतली तर तो हळू पळत नाहीये, तेवढंच पळतोय. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी धाप कमी होते.

"मग उतारावर भरून काढू" असं लगेच कुणीतरी म्हणतं. नाही निघत. तेवढ्याच उतारावर ऊर्जेची बचत होते ती जेमतेम पाव. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्जाला 30 टक्के आणि ठेवीला 24, अशी ही पतपेढी आहे. चढताना जे गेलं ते उतरताना पूर्ण परत मिळत नाही. म्हणून चढावर उधळपट्टी करायची नाही.

आणि म्हणूनच घाटात घड्याळातला पेस बघू नका. मनगटावरचं जीपीएस घड्याळ किलोमीटरला किती मिनिटं ते सांगतं, पायाखाली डोंगर आहे हे त्याच्या मोठ्या आकड्यात कुठेच दिसत नाही. नाडीचा आकडाही चढ सुरू झाल्यावर थोडा उशिरा वर येतो; तोवर तुम्ही जास्त जोर लावून बसलेले असता. श्वास बघा. माझी कसोटी अशी: आपला घरचा पत्ता, घर नंबर, पेठ, सातारा, पिनकोडसकट, एका दमात म्हणता आला पाहिजे. पेठेशी अडखळलात तर वेग कमी करा. नुसता पिनकोडच जमत असेल तर चाला.

वर जाताना

पावलं छोटी. सपाटीवरच्यापेक्षा स्पष्ट कळण्याइतकी छोटी, पण त्यांची गती तीच. मोजायचं असेल तर एकाच पायाची पावलं 20 सेकंद मोजा; 27 ते 30 भरली तर ठीक आहे. दमला की माणूस लांब ढांगा टाकायला लागतो, कारण त्याला चढ लवकर संपवायचा असतो. लांब ढांग म्हणजे दर वेळी सगळं शरीर जास्त उंच उचलणं. पोटऱ्या तिथंच भरतात.

थोडं पुढे झुका, पण घोट्यातून. कमरेतून वाकलात तर छाती दाबली जाते आणि श्वास अर्धा होतो. नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरवर ठेवा. पायाशी बघितलं तर मान आखडते, वरच्या वळणाकडे बघितलं तर मन आखडतं. हात कोपरात वाकवून मागे-पुढे हलवा, छातीसमोर आडवे नकोत. पायांची गती हातांच्या मागे येते, त्यामुळे पाय जड झाले की हातांकडे लक्ष द्या. टाच टेकली नाही तरी चालेल, पण सगळा घाट चवड्यांवर चढायचा अट्टहास करू नका. टाचेमागच्या शिरेवर ताण येतो आणि ती शीर एकदा दुखायला लागली की महिनोन्‌महिने सोडत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेमागे ताठरपणा जाणवला, तर त्या आठवड्यात चढ बंद.

चालायची लाज वाटून घेऊ नका. पण चालायचं तर आधीपासून ठरवून चाला, धाप लागल्यावर नव्हे. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे घाटाच्या पहिल्या मिनिटापासून, अंगात भरपूर जोर असतानासुद्धा. पहिल्या दोन वळणांवर लोक पुढे निघून जातील. जाऊ द्या, वरच्या वळणांवर त्यातले बरेच कठड्याला टेकलेले दिसतात. चालताना रेंगाळायचं नाही, हात हलवत झपाझप चालायचं. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याऐवजी एखादी पायवाट धरलीत आणि ती फारच उभी निघाली, तर हात मांड्यांवर दाबून चाला. एवढ्या उभ्या चढावर आपल्यासारख्यांना पळण्यानं काहीही जास्तीचं मिळत नाही.

वळणांचं एक तंत्र आहे. आतल्या बाजूनं अंतर कमी, पण चढ उभा. बाहेरच्या बाजूनं अंतर जास्त, चढ सौम्य. शर्यतीत रस्ता बंद असतो तेव्हा बाहेरून जा. एरवी गाड्या ठरवतील.

खाली येताना

आता खरी गोष्ट. उतरताना प्रत्येक पावलाला शरीर खाली पडत असतं आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला झेलतो. झेलताना तो आखडायचा प्रयत्न करतो आणि त्याच वेळी वजनानं ताणला जातो. असं ताण सोसत काम केलं की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. त्या वेळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं आणि बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी जास्त. कमोडवर बसताना "आई गं" निघतं ते त्यामुळे.

पण याच स्नायूचा एक चांगला गुण आहे. एकदा थोडा उतार सोसला की तो शिकतो. पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला कितीतरी कमी दुखतं, आणि ही शिकवण काही आठवडे टिकते. म्हणजे उताराची सवय थोड्या-थोड्या मात्रेनं लावता येते, आणि लावलीच पाहिजे. सरावात सगळा उतार गाडीवरून करणाऱ्याच्या मांड्यांना शर्यतीच्या दिवशी पहिला डोस एकदम दहा किलोमीटरचा मिळतो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग या दोन गावांमध्ये 1921 पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे 90 किलोमीटरची शर्यत होते. ती साधारणपणे एका वर्षी समुद्राकडून वर आणि दुसऱ्या वर्षी वरून समुद्राकडे, अशी आलटून-पालटून पळतात. महाराष्ट्रातून पुष्कळ लोक जातात. जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, खाली येणाऱ्या वर्षाबद्दल बोलताना हात आपोआप मांडीवर जातो.

तर उतरायचं कसं? मागे रेलायचं नाही. पडायच्या भीतीनं सगळे रेलतात, पाय पुढे फेकतात, टाच आपटतात आणि गुडघा ताठ राहतो. प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक, आणि तो सगळा गुडघ्यावर. त्याऐवजी अंग उताराच्या काटकोनात ठेवा, म्हणजे सपाटीवरच्या मानानं अगदी किंचित पुढे. पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या. गुडघा थोडा वाकलेला. पावलं छोटी आणि झटपट, चढावरच्यापेक्षाही झटपट. कोपरं जराशी बाहेर, तोल सांभाळायला. खांदे सैल. वेग वाढायला लागला तर टाच रोवून थांबवू नका. पावलं आणखी छोटी करा, वेग आपसूक उतरतो.

बरोबर चाललंय का ते कानाला कळतं. थप्प-थप्प असा आवाज येत असेल तर तुम्ही आपटताय. आवाज कमी करा एवढीच सूचना स्वतःला द्या, बाकीचं शरीर बऱ्यापैकी स्वतः जुळवून घेतं. पहाटे घाटात शांतता असते, नीट ऐकू येतं. कानात इअरफोन असले तर हे कळत नाही आणि मागची गाडीही कळत नाही. घाटात इअरफोन नकोच.

सुरुवात शंभर मीटरच्या सौम्य उतारावर करा. चालत वर जा, पळत खाली या, चार वेळा. पहिल्या दिवशी एवढंच. कमी वाटेल, तरी एवढंच.

उतरायची तयारी घरीही होते. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, कठड्याला बोट लावून, आणि दुसरी टाच खालच्या पायरीला सावकाश, तीन अंक मोजत, टेकवायची. परत वर. प्रत्येक पायाला आठ-दहा वेळा. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं राहिला पाहिजे. पोटऱ्यांसाठी चवडे पायरीच्या कडेवर ठेवून दोन्ही टाचा उचलायच्या आणि हळूहळू पायरीच्या खाली सोडायच्या. आणि शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा, या वेळी खुर्चीसमोर आणि सावकाश खाली बसत. आठवड्यातून दोनदा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उरकतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर करते.

ट्रेडमिलवर चढ लावता येतो, उतार सहसा लावता येत नाही. जिममध्ये 6 टक्के चढावर तास काढणारी माणसं घाट उतरताना बघितली आहेत, ती चढण्यापुरतीच तयार असतात.

बुटांचं थोडक्यात: उतरताना पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं. मग नख काळं पडतं. पुढे अंगठ्याएवढी जागा असलेले शूज घ्या, नखं दोन दिवस आधी कापा, आणि लेस सगळ्यात वरच्या भोकातूनही ओवा. बहुतेक शूजना ते जास्तीचं भोक असतं आणि बहुतेक लोक ते रिकामंच ठेवतात. टाच घट्ट बसली की पाय पुढे सरकत नाही. मोजे सुती नकोत, पावसात भिजून फोड आणतात. घाटासाठी वेगळे महागडे शूज लागत नाहीत. डांबरी रस्ता आहे. तळवा झिजून गुळगुळीत झालेला नसला म्हणजे झालं.

कुठे आणि किती

साताऱ्यात पहिला चढ शोधायला घाटापर्यंत जावं लागत नाही. गावच उतरतं आहे. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे निघा, चढ लागतो. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून एकच दिवस चढाचा. दहा मिनिटं सपाटीवर हलकं पळून अंग गरम करायचं, मग 45 सेकंद चढ पळायचा, चालत खाली यायचं, श्वास पूर्ण बसला की पुन्हा. चार वेळा. पुढच्या आठवड्यात पाच किंवा सहा. जोर एवढाच की शेवटची फेरी पहिलीसारखीच गेली पाहिजे. बाकी दिवस सपाटीवर, नेहमीसारखं. चढाच्या दुसऱ्या दिवशी चढ नाही, कितीही उत्साह असला तरी.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून अजिंक्यतारा. किल्ल्याचा रस्ता जवळजवळ दरवाजापर्यंत डांबरी आहे, गाड्या कमी असतात, पहाटे फिरायला येणाऱ्यांची सोबत असते. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. पहिल्या वेळी उतरताना निम्मं चाला, सौम्य तुकडे तेवढे पळा. दर आठवड्याला उताराचा पळायचा भाग थोडा वाढवा. चार भिंतीकडे वळून गाव बघायला दोन मिनिटं थांबलात तर सराव वाया जात नाही.

यवतेश्वरचा घाट सातव्या-आठव्या आठवड्यात. तोही आधी निम्मा. गावातून यवतेश्वरपर्यंत चार-पाच किलोमीटर आहेत. अर्ध्यात वळा, परत या, तिसऱ्या दिवशी मांड्या काय म्हणतात ते ऐका, मग पुढच्या आठवड्यात पूर्ण. 21 किलोमीटरची शर्यत असेल तर याच्या जोडीला रविवारची लांब धाव हळूहळू वाढवत न्यावी लागेल आणि एकूण बारा-चौदा आठवडे हाताशी हवेत. दर चौथ्या आठवड्याला सगळंच थोडं कमी करा.

पुण्यातल्यांना वेताळ टेकडी आणि तळजाई आहे. तिथं माती-मुरूम आहे, गुडघ्याला बरं, पण उतरताना सुटे खडे सरकतात, तेव्हा पहिल्यांदा उतार चालतच पारखा. सिंहगडाचा घाट पहिल्या महिन्यात नको, फार उभा आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीकडे जाणारा रस्ता आणि ठाण्यात येऊर. मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ एवढा बदनाम आहे, तो घाटवाल्याला फारसा चढ वाटणारच नाही. तो छळतो कारण शर्यतीत उशिरा येतो. कोल्हापूरकरांकडे पन्हाळा आहे, त्यांना मी काय सांगणार.

पाऊस, धुकं, गाड्या आणि माकडं

सप्टेंबरच्या शर्यतीचा सगळा सराव पावसाळ्यात येतो, आणि साताऱ्यात पाऊस थांबला तरी यवतेश्वरावर पडत असतो. पळताना पावसाचा त्रास नाही, उलट अंग तापत नाही. त्रास रस्त्याचा. कडेला डोंगराच्या बाजूनं पाणी झिरपतं तिथं शेवाळ धरतं. पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे सरकतात. पडलेली पानं त्याहून वाईट. अशा ठिकाणी उतरताना सरळ चाला. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर रस्त्यावर ताजे दगड-माती दिसली तर तिथं रेंगाळू नका, वर काय सुटलंय ते खालून दिसत नाही. रात्रभर कोसळला असेल तर त्या दिवशी घाट नको, गावातला चढ बरा.

रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पण आंधळ्या वळणावर उजवी बाजू आतली असेल, तर वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपल्यावर परत या. ऐन वळणात बाजू बदलायची नाही. एसटीला वळायला सगळा रस्ता लागतो. ड्रायव्हर हॉर्न देतो तो रागानं नव्हे. थांबा, कठड्याशी उभे राहा, जाऊ द्या. हात केलात तर तोही करतो.

धुक्यात भडक रंगाचं काहीतरी घाला आणि पाठीवर लुकलुकणारा छोटा लाल दिवा लावा, सायकलचा चालतो. ऑगस्टच्या शेवटापासून कास पठारावर फुलं येतात आणि शनिवार-रविवारी हा रस्ता गाड्यांनी भरून जातो. त्या दिवसांत घाट मधल्या वारी, नाहीतर उजाडता उजाडता चढून सातच्या आत खाली. एकट्यानं जाऊ नका, बायकांनी तर नाहीच, आणि घरी सांगून जा. आमच्या गटात नियम आहे: सगळ्यात मागच्या माणसाबरोबर कुणीतरी एक असतंच.

माकडांना पिशवीचा आवाज ओळखता येतो. हातात केळं घेऊन घाटात पळू नका. गूळ-शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खिशात, आणि तो वर पोचल्यावर नाही तर चढाच्या आधीच खाल्लेला बरा. तासाभराच्या आतल्या सरावाला पाणी पुरतं. त्याहून जास्त असेल तर बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. पावसाळी हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही.

शर्यत असेल तर

शर्यत गावातून निघून घाट चढते आणि वरून वळून त्याच रस्त्यानं खाली येते. म्हणजे पूर्वार्ध बहुतांश चढ, उत्तरार्ध बहुतांश उतार. ढोल-ताशे वाजत असतात, लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि घाट लागायच्या आधीच गावातल्या चढावर माणसं जीव खाऊन पळतात. तिथं पत्ता म्हणून बघा. ओळखीचं कुणी "अहो, पळा की!" म्हणालं तर हात हलवा आणि त्याच वेगानं चालू ठेवा. 2015 साली याच घाटात सर्वाधिक लोकांच्या डोंगरी धावेचा गिनेस विक्रम झाला. गर्दी खरंच असते, आणि चिंचोळ्या रस्त्यावर समोरून परतणारेही असतात, तेव्हा ओलांडून पुढे जाण्यात जोर घालवू नका.

वर वळल्यावरचा पहिला किलोमीटर सगळ्यात महत्त्वाचा. दम बसलेला असतो, उतार लागलेला असतो, आणि सगळे सुटतात. तुम्ही तो किलोमीटर मुद्दाम राखून पळा. छोटी पावलं, आवाज कमी. मांड्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरपर्यंत शाबूत राहिल्या तर गावात पळत शिराल. नाहीतर उतारावरसुद्धा चालावं लागतं, आणि पायात गोळे येऊन बसलेली तरणीबांड पोरं तिथं दरवर्षी दिसतात. गोळा आलाच तर ताणून धरा, हळूहळू, झटका न देता.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही जाणवलं तर तिथंच थांबून कुणाला तरी सांगायचं. पदकासाठी आणखी दोन किलोमीटर रेटायचे नाहीत. गुडघ्यात किंवा घोट्यात एकाच जागी सुईसारखं टोचत असेल तर तेही थांबायचं कारण. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या असतील तर ते घाटाचं नेहमीचं दुखणं, त्याला घाबरायचं नाही.

घाटाहून आल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, दहा मिनिटं चाला. तासाभरात पोटभर जेवा. पोहे-उप्पीट ठीक, पण जोडीला अंडं, मटकीची उसळ किंवा दही असू द्या. कंदी पेढा खायला आजच्याइतकं चांगलं निमित्त नाही. दुखऱ्या मांड्या दुसऱ्या दिवशी दाबून, तुडवून घेऊ नका. हलकं चालणं आणि झोप पुरते. दुखणं मारायला गोळ्या घेऊन पुन्हा पळायला जायचं नाही.

पुढचा घाट केव्हा, हे कॅलेंडर बघून ठरवू नका. सकाळी जिना उतरून बघा. कठडा न धरता, अंग आडवं न वळवता, दोन मजले सरळ उतरता आले तर या आठवड्यात चढ घ्या. कठड्याकडे हात गेला तर आणखी दोन दिवस सपाटी.